सॉल्व्हंटलेस कॅनाबिस अर्क: लेबल वाचण्यापासून पहिल्या झुरक्यापर्यंत

गांजाच्या फुलांची सवय असलेली माणसं अर्काकडे, म्हणजे फुलांतून वेगळ्या काढलेल्या राळेकडे, वळली की बहुतेकांच्या चुका त्याच त्या होतात. रोझिन आणि रेझिन यांत गल्लत होते. डबीवरचा टक्का वाचला जातो, पण त्याचे मिलिग्रॅम कोणी काढत नाही. अर्क ओढायची क्वार्ट्झची वाटी लालभडक तापवली जाते. पहिला झुरका पुरता चढायच्या आत दुसरा घेतला जातो. मग ओकाऱ्या, छातीत धडधड, जीव घाबराघुबरा. त्यावर ‘माल कडक होता’ एवढंच म्हणून विषय संपवतात. माल कडक होता हे खरंच, पण गडबड क्रमात झालेली असते. गॅसचा टॉर्च पेटवणं हे शेवटून दुसरं काम आहे आणि लोक सुरुवातच तिथून करतात.

हा लेख फक्त प्रौढांसाठी आहे. जिथे अर्क कायदेशीर आहे आणि तपासणी झालेला माल परवानाधारक दुकानातून मिळतो, तिथल्या वाचकांसाठी आहे. घरी अर्क काढण्याची कृती यात नाही.

टप्पा १: आधी कायदा, मग तब्येत

भारतात १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार कॅनाबिसच्या झाडापासून वेगळी केलेली राळ ‘चरस’ धरली जाते. ती कच्ची असो वा शुद्ध केलेली, त्याने फरक पडत नाही. म्हणजे या लेखातला प्रत्येक अर्क तिथे बेकायदेशीर आहे. भांगेच्या पानांना काही ठिकाणी मिळणारी सवलत राळेला लागू होत नाही. कॅनडात फुलं ऑक्टोबर २०१८ पासून कायदेशीर झाली, अर्कांना मात्र त्यानंतर वर्षभराने परवानगी मिळाली. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे आणि केंद्राचा कायदा अजून विरोधात आहे. म्हणून दोन्ही टोकांना मोकळीक असली तरी विमानातून किंवा सीमेपलीकडे डबी नेऊ नका.

आता तब्येत. स्वतःला किंवा घरात कोणाला सायकोसिस, स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरचा त्रास असेल, हृदयविकार असेल, गर्भारपण किंवा अंगावर पाजणं चालू असेल, तर अर्क तुमच्यासाठी नाही. वॉरफरीनसारखं रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांशी आधी बोला, कारण कॅनाबिसमुळे त्याचा परिणाम वाढू शकतो. विशीतल्या वाचकांनाही मी थांबायलाच सांगेन. मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते आणि अर्कातली मात्रा फुलांच्या कितीतरी पट असते.

तपासा: आजवर कॅनाबिस कधीच घेतलं नसेल तर सुरुवात अर्काने करू नका. हा नियम मी कोणासाठीही सैल करणार नाही.

टप्पा २: डबीत नेमकं काय आहे ते ओळखा

मादी फुलांवर बारीक चिकट केस असतात, त्यांना ट्रायकोम म्हणतात. प्रत्येक केसाच्या टोकाला एक गोल डोकं असतं. ते मिलिमीटरच्या साधारण दहाव्या भागाएवढं किंवा त्याहून लहान. टीएचसीए (तापवल्यावर यातूनच नशा देणारं टीएचसी बनतं), सीबीडीए (नशा न देणाऱ्या सीबीडीचं कच्चं रूप) आणि वासाची तेलं म्हणजे टर्पीन्स, सगळं त्या डोक्यात साठलेलं असतं. अर्क काढायचा म्हणजे ही डोकी झाडाच्या हिरव्या भागापासून सोडवायची. ब्युटेन, प्रोपेन किंवा इथेनॉलने ती विरघळवून काढली तर तो द्रावकाचा अर्क. चाळणी, बर्फ, पाणी, उष्णता आणि दाब एवढ्यावर भागवलं तर तो सॉल्व्हंटलेस.

दुकानात मिळणारे मुख्य प्रकार असे:

*कीफ किंवा ड्राय सिफ्ट.* सुकी फुलं बारीक जाळीवर घासून पडलेली पूड. हिरवट झाक जितकी जास्त तितका त्यात पानांचा चुरा जास्त. चांगला सिफ्ट वाळूसारखा फिकट सोनेरी दिसतो.

*बबल हॅश किंवा आइस वॉटर हॅश.* बर्फाच्या पाण्यात फुलं ढवळली की थंडीने कडक झालेली डोकी तुटून खाली बसतात. मग ते पाणी वेगवेगळ्या मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाळीदार पिशव्यांतून गाळतात. डबीवर ‘७३’, ‘९०’ किंवा ‘१२०’ असे आकडे असतील तर ते या जाळीचे, टक्केवारीचे नव्हेत. दर्जा सांगायला एक ते सहा तारे वापरतात. पाच-सहा तारे म्हणजे फुल मेल्ट: गरम पृष्ठभागावर पूर्ण वितळतो, मागे जवळपास काही उरत नाही. तीन-चार तारे म्हणजे अर्धवट वितळणारा. एक-दोन तारे म्हणजे खाण्याच्या पदार्थांत घालण्याजोगा.

*रोझिन.* फुलं, सिफ्ट किंवा हॅश गरम पट्ट्यांमध्ये दाबून बाहेर आलेला रस. फुलांपासूनचा तो फ्लॉवर रोझिन, हॅशपासूनचा तो हॅश रोझिन. तोडल्या तोडल्या गोठवलेल्या फुलांचं हॅश करून दाबलं तर लाइव्ह रोझिन. त्याचा वास सगळ्यात ताजा.

गाडी अडते ती नेमकी इथे. लाइव्ह रेझिन आणि लाइव्ह रोझिन या दोन वेगळ्या वस्तू आहेत. रेझिन सहसा ब्युटेनसारख्या द्रावकाने काढतात, रोझिन दाबून. दोन्ही पिवळसर, दोन्ही छोट्या काचेच्या डबीत, आणि नावात एका कान्याचा फरक. रेझिन वाईट असतं असं नाही. पण द्रावक टाळायचा म्हणून तुम्ही पैसे मोजत असाल तर नाव अक्षर न अक्षर वाचा.

इशारा: सॉल्व्हंटलेस म्हणजे सौम्य नव्हे आणि आपोआप शुद्धही नव्हे. झाडावर कीटकनाशक मारलेलं असेल तर राळेबरोबर तेही अर्कात येऊन घट्ट होतं. नीट न सुकवलेल्या बबल हॅशला बुरशी लागते.

टप्पा ३: लेबल आणि लॅब रिपोर्ट

डबीवरचा बॅच क्रमांक आणि रिपोर्टवरचा बॅच क्रमांक जुळतो का, हे सर्वांत आधी. न जुळणारा रिपोर्ट म्हणजे दुसऱ्याच मालाचा रिपोर्ट. मग तारीख पाहा. नंतर कीटकनाशकं, जड धातू, बुरशी आणि तिचं विष या रकान्यांसमोर उत्तीर्ण लिहिलंय का ते पाहा. फक्त टीएचसीचा आकडा असलेला कागद अर्धाच रिपोर्ट समजा.

डबी उघडल्यावर नाकाने तपासा. कुबट किंवा ओल्या गोणपाटासारखा वास आला, हॅशवर पांढुरकी-करडी लव दिसली, तर ती डबी परत करा. वरचा थर खरवडून आतलं वापरू नका. रोझिन पारदर्शक रसातून लोण्यासारखं दाटसर झालं असेल तर घाबरू नका, ते बिघडलेलं नसतं. टीएचसीएचे स्फटिक धरल्यामुळे तसं होतं.

टप्पा ४: टक्क्यांचे मिलिग्रॅम करा

कागद-पेन्सिल घ्या. हा टप्पा ओलांडून पुढे गेलात तर बाकीच्या काळजीला फारसा अर्थ उरत नाही.

लेबलवर सहसा टीएचसीए आणि टीएचसी असे दोन आकडे असतात. टीएचसीएने नशा चढत नाही. तापवल्यावर त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टीएचसी उरतं, म्हणून वजन घटतं. सूत्र असं:

एकूण टीएचसी = (टीएचसीए × ०.८७७) + टीएचसी

समजा लेबलवर टीएचसीए ८० टक्के आणि टीएचसी २ टक्के आहे. ८० × ०.८७७ = ७०.१६. त्यात २ मिळवले की ७२.१६. म्हणजे एक ग्रॅम अर्कात अंदाजे ७२० मिलिग्रॅम टीएचसी, आणि १० मिलिग्रॅमच्या कणात साधारण ७ मिलिग्रॅम.

हा ७ चा आकडा किती मोठा? अमेरिकेच्या राष्ट्रीय अमली पदार्थ संशोधन संस्थेने २०२१ मध्ये संशोधनासाठी टीएचसीचं प्रमाण एकक ५ मिलिग्रॅम ठरवलं. ओढताना सगळं टीएचसी रक्तात पोचत नाही, बरंचसं वाया जातं. तरी हिशेब करताना सगळं पोचेल असंच धरा. चूक झालीच तर ती कमी मात्रेकडे होऊ द्या.

आता अर्काचा एवढासा कण मोजायचा कसा? लोक म्हणतात, ‘तांदळाच्या दाण्याएवढा घे.’ हाच सल्ला अनेकांना आडवा करतो. तांदळाच्या दाण्याएवढा गोळा २० ते २५ मिलिग्रॅमचा होतो, म्हणजे वरच्या अर्कातले १४ ते १८ मिलिग्रॅम टीएचसी एका दमात. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा खिशातला काटाही इतक्या लहान कणाला भरवशाचा नाही. त्यावर १० मिलिग्रॅमऐवजी ५ येईल किंवा १५.

त्यापेक्षा हे करा:

१. पार्चमेंट कागदाचा तुकडा काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा.
२. त्यावर ०.१० ग्रॅम अर्क घ्या. एवढं वजन साधा काटाही बऱ्यापैकी बरोबर दाखवतो.
३. कागद दुमडून दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे अर्क चिकटणार नाही.
४. कागदातूनच वळून बारीक सुरळी करा आणि थंड सुरीने तिचे आधी दोन, मग प्रत्येकाचे पाच समान तुकडे करा.
५. आता प्रत्येक तुकडा अंदाजे १० मिलिग्रॅमचा. कागदावर मात्रा आणि तारीख लिहून ठेवा.

फुलांची सवय असलेल्याने पहिल्यांदा यातला अर्धाच तुकडा घ्यावा. अर्धा तुकडा डोळ्यांना इतका किरकोळ दिसतो की हात आपोआप दुसऱ्या तुकड्याकडे जातो. तेव्हा डोळ्यांवर नाही, कागदावरच्या आकड्यावर विश्वास ठेवा.

टप्पा ५: अर्काला शोभेल ते साधन

कीफ आणि कमी ताऱ्यांचं हॅश क्वार्ट्झच्या वाटीत टाकू नका. त्यातला पानांचा चुरा वितळत नाही, जळतो, घसा सोलवटतो आणि वाटी काळी करतो. फुलांच्या व्हेपोरायझरमध्ये (न जाळता नुसती वाफ काढणारं साधन) भरडलेल्या फुलांच्या दोन थरांच्या मध्ये चिमूटभर पसरा, किंवा साधनाबरोबर आलेली अर्काची जाळी वापरा. वाटीत घेण्याजोगे दोनच: फुल मेल्ट हॅश आणि रोझिन.

वाटीसाठी लागतं ते असं: पाण्याची रिग म्हणजे धूर पाण्यातून ओढायचं काचेचं भांडं, क्वार्ट्झची वाटी म्हणजे बँगर, तिचं झाकण, बोथट टोकाचा डॅबर म्हणजे अर्क उचलायची काडी, कापसाच्या काड्या, आणि टॉर्च किंवा विजेवर चालणारी रिग. जमत असेल तर विजेची घ्या. महाग पडते, पण तापमान आकड्यात लावता येतं आणि खोलीत ज्योत नसते.

रोझिनच्या तयार कार्ट्रिजवर (व्हेप पेनला लावायची भरलेली नळी) ‘फक्त रोझिन’ असा स्पष्ट उल्लेख हवा. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपिंगमुळे फुप्फुसं निकामी होण्याची जी साथ आली, तिच्यात बेकायदा कार्ट्रिजमध्ये पातळ करायला घातलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट हे मुख्य कारण ठरलं. ६८ जण दगावले. अनोळखी हातातलं कार्ट्रिज ओढू नका आणि डबीतला रोझिन घरी कशानेही पातळ करून कार्ट्रिजमध्ये भरू नका.

टप्पा ६: तापवणं आणि ओढणं

वाटीच्या तळाचं तापमान २३० ते २७० अंश सेल्सिअसच्या आसपास हवं. ‘जितकं गरम तितका धूर, जितका धूर तितकी मजा’ हा समज सोडा. पोर्टलंड स्टेट विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवलं की जास्त तापमानाला टर्पीन्स फुटून मेथॅक्रोलीन आणि बेंझिन तयार होतात. पहिलं श्वसनमार्गाला झोंबणारं, दुसरं कर्करोगकारक. द्रावक टाळून घेतलेला अर्क लालभडक वाटीत टाकणं म्हणजे टाळलेलं विष स्वतःच्या हाताने बनवणं.

टॉर्चच वापरणार असाल तर थंड सुरुवात ही पद्धत सर्वांत सोपी. अर्क आधी, आग नंतर.

१. आधी बसा. उभ्याने कधीच घेऊ नका, पहिल्या मिनिटात भोवळ येऊ शकते. आजूबाजूला कागद, पडदे, सॅनिटायझर नको.
२. थंड, स्वच्छ, कोरड्या वाटीत मोजलेला तुकडा तळाच्या मधोमध ठेवा. झाकण घाला.
३. ज्योत मंद ठेवून वाटीच्या तळाखाली फिरवत राहा, एका जागी धरू नका.
४. अर्क वितळून बारीक बुडबुडे येऊ लागले की ज्योत लगेच बंद. साधारण दहा-पंधरा सेकंद लागतात, पण घड्याळापेक्षा बुडबुड्यांकडे लक्ष द्या, कारण वाटीची जाडी प्रत्येकाची वेगळी.
५. सावकाश, हलका श्वास घ्या. झाकण थोडं फिरवत राहा.
६. लगेच सोडा. धूर छातीत कोंडून ठेवल्याने नशा वाढत नाही, खोकला मात्र वाढतो.

तपासा: वाटीत काय उरलं ते पाहा. मधासारखा सोनेरी ते फिकट तपकिरी थेंब उरला तर तापमान बरोबर. काळा, करपलेला थर उरला तर पुढच्या वेळी ज्योत आधी बंद करा. अर्क जसाच्या तसा तरंगत राहिला तर दोन-तीन सेकंद जास्त. हा थेंब बघायची सवय लागली की तापमापकाची गरज फारशी पडत नाही.

इशारा: क्वार्ट्झ थंड दिसतो तेव्हाही हात भाजण्याइतका गरम असतो. निदान पाच मिनिटं हात लावू नका.

टप्पा ७: थांबा

ओढलेल्या अर्काचा परिणाम काही मिनिटांत सुरू होतो आणि शिखर सहसा अर्ध्या तासाच्या आत येतं. अंमल दोन ते चार तास राहतो, कधी जास्तही. म्हणून पहिल्या दिवशी दुसरा तुकडा नाहीच. पुढेही दोन झुरक्यांमध्ये निदान अर्धा तास जाऊ द्या. बरोबर दारू नको, दोन्हींचा परिणाम एकमेकांना वाढवतो. त्या दिवशी गाडी नाही, स्कूटरही नाही.

रोज घेऊ नका. अर्काने सहनशक्ती फार लवकर वाढते. अर्ध्या तुकड्याचे चार तुकडे झालेले लक्षातही येत नाहीत. टप्पा ४ मधल्या कागदावर तारखा लिहायला सांगितलं ते यासाठीच. आकडा चढत चाललाय असं दिसलं की काही आठवडे पूर्ण बंद ठेवा. नोकरीत लघवीची तपासणी होत असेल तर हेही लक्षात असू द्या की नेहमी घेणाऱ्यांच्या तपासणीत टीएचसीचे अंश कित्येक आठवडे सापडतात.

टप्पा ८: खाण्यात वापरायचा असेल तर

याबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण नवख्याने घरी अर्क घालून पदार्थ करू नये असंच माझं मत आहे. कच्चा रोझिन खाल्ला तर त्यात बहुतांश टीएचसीए असल्याने फारसं काही होत नाही. लोक मग आणखी खातात. पण जुन्या किंवा तापलेल्या हॅशमध्ये बरंचसं टीएचसी आधीच तयार झालेलं असतं, आणि तेवढाच तुकडा तेव्हा भारी पडतो. खाल्लेलं टीएचसी चढायला अर्धा ते दोन तास लागतात. यकृतात त्याचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होतं, तेही नशा देणारं, आणि अंमल सहा ते बारा तास टिकतो. खायचंच असेल तर मिलिग्रॅम छापलेलं तयार पाकीट घ्या. सुरुवात अडीच मिलिग्रॅमने करा आणि त्या दिवशी दुसरा घास घेऊ नका.

टप्पा ९: सफाई आणि साठवण

वाटी कोमट असतानाच कोरड्या काडीने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या काडीने. अल्कोहोल पूर्ण उडून गेल्याशिवाय ज्योत जवळ आणू नका. ओल्या वाटीखाली टॉर्च धरून हात भाजून घेणं ही अगदी टाळता येण्याजोगी दुखापत आहे. रिगमधलं पाणी दर वेळी बदला.

अर्क हवाबंद काचेच्या डबीत, अंधारात, फ्रिजमध्ये ठेवा. पार्चमेंट कागद दोन-चार दिवसांपुरता ठीक, त्यापुढे टर्पीन्स उडून जातात. प्लास्टिक नको. डबी फ्रिजमधून काढली की झाकण लगेच उघडू नका. ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बंदच राहू द्या, नाहीतर हवेतली ओल थंड अर्कावर धरते. बबल हॅशला बुरशी लागायचं हे नेहमीचं कारण.

घरात मूल किंवा पाळीव प्राणी असेल तर डबी कुलपात. फ्रिजमध्येही कुलपाची पेटी ठेवा. रोझिन गोळीसारखा दिसतो आणि त्याला वासही छान येतो.

जास्त झालं तर

एकटं ठेवू नका. शांत, मंद उजेडाच्या खोलीत बसवा, पाणी घोट घोट द्या, आणि हे उतरणार आहे हे शांतपणे सांगत राहा. उतरवायला म्हणून दारू किंवा झोपेची गोळी देऊ नका. ओकाऱ्या होत असतील आणि माणूस झोपाळलेला असेल तर कुशीवर झोपवा.

छातीत दुखणं, श्वास अडखळणं, झटके, शुद्ध हरपणं, नसलेल्या गोष्टी दिसणं-ऐकू येणं, किंवा लहान मुलाने कणभर जरी गिळलेलं असणं, यांतलं काहीही असेल तर तडक आपत्कालीन मदत बोलवा.

नेहमी घेणाऱ्याला वारंवार ओकाऱ्या होत असतील आणि गरम पाण्याच्या अंघोळीनेच बरं वाटत असेल, तर ते कॅनाबिसमुळे होणारं ओकाऱ्यांचं दुखणं असण्याची शक्यता मोठी आहे. मात्रा कमी करून ते जात नाही, पूर्ण बंदच करावं लागतं.

डॉक्टरांपासून काहीही लपवू नका. काय घेतलं, ओढलं की खाल्लं, किती मिलिग्रॅम आणि किती वाजता, हे चार प्रश्न ते विचारतील. मात्रा लिहिलेला तो कागद आणि डबी दोन्ही बरोबर न्या.